कुटुंब-चिकित्सकाचे शिक्षण : अभ्यासक्रमाची निवड

पती-पत्नींमधील बेबनाव, मुलांचे वर्तनदोष, घरातील एखाद्या व्यक्तीचे दीर्घकाळचे मानसिक आजारपण ह्या गोष्टी मानवी समाजाला नव्या नाहीत. त्यांतून वाट काढण्यासाठी घरातील वडीलधारी माणसे, नातेवाईक, धर्मगुरू किंवा शेजारीपाजारी पुढे येत असत आणि आजही येतात. परंतु ह्या कामासाठी विद्यापीठात दोन-तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करावा, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली हजारो तास काम करावे, परीक्षा द्यावी आणि मगच शासनाकडून व्यवसायाचा परवाना मिळवावा, ही कल्पना विसाव्या शतकातील आहे. तिचा सर्वांत अधिक विकास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथे 'विवाह व कुटुंब चिकित्सक' हा मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता ह्यांच्याहून वेगळा असा व्यावसायिक मानला जातो.

ह्या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्याला प्रथम अभ्यासक्रमाची निवड करावी लागते. ती चुकली तर विद्यार्थ्याचा पैसा आणि आयुष्यातील काही वर्षे वाया जातात, हे उघड आहे. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. अपुऱ्या तयारीचा चिकित्सक ज्या कुटुंबापुढे जाऊन बसतो त्या कुटुंबाला त्याच्या शिक्षणाची पारख करता येत नाही, आणि त्याच्या अज्ञानाची किंमत मात्र त्याच कुटुंबाला मोजावी लागते. म्हणून ह्या निवडीच्या कसोट्या कोणत्या, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

वेगळ्या शिक्षणाची गरज

ह्या व्यवसायाचे मूळ दोन निराळ्या प्रवाहांत सापडते. पहिला प्रवाह विवाह-समुपदेशनाचा. १९३० साली पॉल पोपेनो ह्यांनी लॉस एंजेलिस येथे विवाहविषयक सल्ला देणारी एक संस्था स्थापन केली. पोपेनो हे सुप्रजननवादाचे पुरस्कर्ते होते. 'योग्य' माणसांचे विवाह टिकावेत हा त्यांच्या कार्यामागील एक हेतू होता, हे आज विसरता येत नाही. १९३२ साली फिलाडेल्फियात एमिली मड ह्यांनी विवाह-मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले. अशा केंद्रांत काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि समुपदेशकांनी एकत्र येऊन १९४२ साली एक व्यावसायिक संघटना काढली. तीच पुढे 'अमेरिकन असोसिएशन फॉर मॅरेज अँड फॅमिली थेरपी' ह्या नावाने ओळखली जाऊ लागली.

दुसरा प्रवाह मनोरुग्णालयांतून आला. छिन्नमनस्कतेने पीडित तरुण रुग्णालयात बरा होतो, घरी परतला की पुन्हा आजारी पडतो, हा अनुभव डॉक्टरांना वारंवार येत होता. १९५४ ते १९५९ ह्या काळात मरे बोवेन ह्यांनी वॉशिंग्टनजवळील बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णांबरोबर प्रथम त्यांच्या मातांना आणि नंतर वडिलांनाही विभागात राहण्यास बोलाविले. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे ग्रेगरी बेटसन आणि त्यांचे सहकारी कुटुंबातील संभाषणाचा अभ्यास करीत होते. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९५६ साली प्रकाशित झाला. न्यू यॉर्कमध्ये बालमनोविकारतज्ज्ञ नेथन ॲकरमन संपूर्ण कुटुंबाला एकत्र बसवून बोलते करीत होते.

ह्या सर्वांच्या कामातून एक विचार पुढे आला. एकट्या व्यक्तीचे मन समजून घेणे पुरेसे नाही. घरात कोण कोणाशी बोलतो, कोण कोणाची बाजू घेतो, कोणत्या विषयाचे नाव निघताच सारे गप्प होतात, ह्यांतून जी रचना बनते तीही चिकित्सकाला दिसली पाहिजे. मूल शाळेत जात नाही म्हणून त्याला चिकित्सकाकडे आणले जाते. पाहता पाहता असे लक्षात येते की ते घरी राहिले म्हणजे आई-वडिलांतील भांडण त्या दिवसापुरते थांबते. अशा वेळी केवळ मुलाशी बोलून भागत नाही. परंतु चार-पाच माणसे एकाच खोलीत, एकमेकांच्या बोलण्याला छेद देत असताना, हे सारे पाहणे आणि त्यात योग्य क्षणी हस्तक्षेप करणे हे कौशल्य एका व्यक्तीशी बोलण्याच्या कौशल्याहून भिन्न आहे. वेगळ्या शिक्षणाची गरज त्यातूनच निर्माण झाली.

पदवी आणि परवाना

अमेरिकेत व्यवसायाचा परवाना केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यानुसार देते. विवाह व कुटुंब समुपदेशकांना परवाना देण्याचा कायदा कॅलिफोर्नियाने १९६३ साली सर्वप्रथम केला. २००९ पर्यंत सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले. १ जानेवारी २०२४ पासून वृद्धांसाठी असलेल्या 'मेडिकेअर' ह्या शासकीय विमा योजनेतूनही ह्या चिकित्सकांना थेट मोबदला मिळू लागला. व्यवसायाला एवढी मान्यता मिळाली असली, तरी त्याचे नियम राज्याराज्यांत वेगळेच राहिले आहेत.

ह्यावरून पहिली कसोटी निघते. विद्यार्थ्याने प्रथम स्वतःला विचारावयाचे ते असे की, शिक्षणानंतर आपण कोठे काम करणार आहोत? एका राज्यात परवान्यास पात्र ठरविणारी पदवी दुसऱ्या राज्यात अपुरी पडू शकते. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात 'समुपदेशन', 'मानवी विकास', 'कुटुंब-अध्ययन' अशी आकर्षक नावे असतात. त्यांपैकी काही पदव्या केवळ अध्ययनाच्या असून चिकित्सेचा अधिकार देत नाहीत. तेव्हा माहितीपुस्तकावर विसंबून न राहता संबंधित राज्याच्या परवाना-मंडळाचे नियम मुळातून वाचणे हाच खरा उपाय होय.

दुसरी गोष्ट अधिस्वीकृतीची. वर उल्लेखिलेल्या संघटनेशी निगडित असलेला एक स्वतंत्र आयोग अभ्यासक्रमांची तपासणी करतो. अमेरिकन सरकारने १९७८ साली ह्या तपासणीला मान्यता दिली. आयोगाने स्वीकृत केलेला अभ्यासक्रम पुरा केलेल्याला राज्य बदलताना अडचणी कमी येतात. तथापि अधिस्वीकृती नसलेला प्रत्येक अभ्यासक्रम निरुपयोगी असतो असे नाही. कॅलिफोर्नियात कित्येक विद्यापीठांचे अभ्यासक्रम ह्या आयोगाच्या यादीत नसूनही राज्याच्या परवान्यास पात्र ठरतात. मात्र त्यांच्या पदवीधराने पुढे दुसऱ्या राज्यात जावयाचे ठरविले, तर त्याला काही विषय पुन्हा शिकावे लागण्याची शक्यता असते.

प्रत्यक्ष कामाचे तास

पदवी हा ह्या शिक्षणाचा अर्धाच भाग आहे. कॅलिफोर्नियाचे उदाहरण घ्यावयाचे तर तेथे परवान्यासाठी ६० श्रेयांकांची पदव्युत्तर पदवी लागते, आणि त्याशिवाय किमान १०४ आठवड्यांत मिळून देखरेखीखालील ३,००० तासांचा अनुभव लागतो. त्यांपैकी निदान ५०० तास जोडपी, कुटुंबे आणि मुले ह्यांच्यासाठी केलेल्या कामाचे असावे लागतात. पदवी मिळण्यापूर्वीचे जास्तीत जास्त १,३०० तास धरले जातात. म्हणजे उरलेले किमान १,७०० तास पदवीनंतर भरावे लागतात. त्यानंतर परीक्षा होते आणि मग परवाना मिळतो. ह्या मधल्या काळातील वेतन अल्प असते. शिक्षणासाठी काढलेले कर्ज त्या वेतनातून फेडता येईल काय, ह्याचा हिशेब प्रवेश घेण्यापूर्वीच मांडावा लागतो.

परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा हिशेब अधिकच बिकट आहे. विद्यार्थी म्हणून अमेरिकेत गेलेल्या व्यक्तीला पदवीनंतर आपल्या विषयात काम करण्याची मुभा सामान्यतः १२ महिन्यांची असते. विज्ञान व तंत्रशास्त्राच्या काही विषयांना ती वाढवून मिळते, परंतु कुटुंब-चिकित्सा सहसा त्या विषयांत मोडत नाही. १,७०० तास १२ महिन्यांत बसवावयाचे, तर पहिल्या आठवड्यापासून सरासरी ३३ तास भरले पाहिजेत. नोकरी शोधण्यातच काही महिने गेले, तर ते अशक्यप्राय होते. पदवी हाती असूनही परवान्याविना मायदेशी परतण्याची वेळ अशा विद्यार्थ्यावर येऊ शकते. भारतातून जाणाऱ्याने ही गोष्ट प्रवेशअर्जाच्या आधी ध्यानात घ्यावयास हवी.

तासांच्या संख्येइतकेच महत्त्व ते तास कसे भरले जातात ह्याला आहे. अधिस्वीकृती देणाऱ्या आयोगाचा दीर्घकाळ असा दंडक होता की, विद्यार्थ्याने पदवीपूर्वी ५०० तास प्रत्यक्ष चिकित्सा करावी. त्यांपैकी निम्मे तास जोडप्यांबरोबर किंवा कुटुंबांबरोबर घालवावेत. त्याला १०० तासांचे पर्यवेक्षण मिळावे, आणि त्यातील निम्मे तरी पर्यवेक्षकाने प्रत्यक्ष पाहिलेल्या किंवा ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या कामावर आधारलेले असावे. पुढे हे आकडे बदलण्यात आले, परंतु त्यांमागील तत्त्व कायम राहिले. विद्यार्थी आपल्या कामाचे जे वर्णन करतो ते त्याला दिसलेल्या गोष्टींचेच असते. वडील बोलू लागले की मुलगी खुर्ची मागे सरकवते, हे ज्याच्या नजरेतून निसटले तो ते पर्यवेक्षकाला सांगणार तरी कसे?

ह्यासाठीच कुटुंब-चिकित्सेच्या शाळांत एका बाजूने आरपार दिसणाऱ्या काचेचा उपयोग केला जातो. कुटुंबाची लेखी संमती घेऊन शिक्षक आणि सहविद्यार्थी पलीकडच्या खोलीतून चिकित्सा पाहतात. गरज पडल्यास शिक्षक दूरध्वनीवरून आतील विद्यार्थ्याला सूचना करतो, प्रसंगी स्वतः खोलीत येतो. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन केंद्रात साल्वादोर मिनुचिन, जे हेली आणि ब्राउलिओ मोंताल्वो ह्यांनी ह्या पद्धतीचा एक धाडसी प्रयोग केला. शहराच्या गरीब वस्त्यांतील कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन स्त्री-पुरुषांना, ज्यांच्याजवळ ह्या विषयाची कोणतीही उच्च पदवी नव्हती, त्यांनी कुटुंब-समुपदेशक म्हणून तयार केले. आधी व्याख्याने आणि मागून काम हा क्रम त्यांनी उलटा केला. शिकणारा माणूस लवकरच कुटुंबापुढे बसे आणि शिक्षक काचेमागे बसे. ही माणसे आपल्या वस्तीतील कुटुंबांना चांगली मदत करू शकली.

ह्याचा अर्थ पदवी अनावश्यक आहे असा नव्हे. ज्या शिक्षणात अनुभवी माणूस शिकणाऱ्याचे काम डोळ्यांनी पाहतो आणि लगेच दुरुस्त करतो, त्यातूनच हे कौशल्य अंगी येते, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून अभ्यासक्रमाविषयी विचारावयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा की, विद्यार्थ्याचे काम प्रत्यक्ष कोण पाहतो आणि किती वेळा? विद्यापीठाचे स्वतःचे चिकित्सालय आहे काय, की विद्यार्थ्याने बाहेर जाऊन स्वतःच जागा शोधावयाची आहे? एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? येणारी कुटुंबे कोणत्या थरांतील असतात? ह्या प्रश्नांची उत्तरे शिक्षकांपेक्षा शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी अधिक मोकळेपणाने देतात. घरबसल्या शिकता येणाऱ्या अभ्यासक्रमांनाही हीच कसोटी लावावी. व्याख्याने दुरून ऐकता येतात, पण विद्यार्थ्याच्या गावी पर्यवेक्षण कोण करणार, हे आधीच निश्चित झालेले असले पाहिजे.

विचारपरंपरा आणि संशोधन

प्रत्येक अभ्यासक्रमावर एखाद्या विचारपरंपरेची छाप असते. बोवेन ह्यांच्या परंपरेत तीन पिढ्यांचा वंशवृक्ष मांडून कुटुंबात पुनःपुन्हा घडणाऱ्या गोष्टी शोधल्या जातात. मिनुचिन ह्यांची परंपरा घरातील अधिकार आणि मर्यादा ह्यांच्या रचनेकडे पाहते. व्हर्जिनिया सटीर ह्यांनी भावना मोकळेपणाने व्यक्त करण्यावर भर दिला. पुढे वर्तनशास्त्रावर आणि जोडप्यांमधील भावनिक बंधांवर आधारलेल्या पद्धतीही विकसित झाल्या. विद्यार्थ्याने एक परंपरा खोलवर शिकणे उपयुक्त असते. मात्र जो अभ्यासक्रम एकाच आचार्याचे मत अंतिम मानतो त्यापासून सावध राहणे बरे.

ह्या सावधगिरीला इतिहासाचा आधार आहे. आरंभीच्या काळात कुटुंबातील, विशेषतः आईच्या, सदोष वागणुकीमुळे छिन्नमनस्कता उद्भवते, असे अनेक विद्वान मानीत. पुढील संशोधनात त्याला आधार मिळाला नाही. परंतु मधल्या काळात असंख्य मातांनी मुलाच्या आजाराबरोबर अपराधाचे ओझेही वाहिले. दरम्यान लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. आजार कशाने होतो ह्याऐवजी, बरा झालेला रुग्ण घरी गेल्यावर पुन्हा का आजारी पडतो, हे त्यांनी मोजून पाहिले. ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते किंवा त्याची पराकोटीची काळजी वाहिली जाते, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. हीच मोजणी चंडीगढ येथे डॉ. नरेंद्रनाथ विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तेथील नातेवाइकांत अशी तीव्र टीका आणि अतिरेकी गुंतणूक लंडनच्या मानाने बरीच कमी होती. एका समाजात बांधलेला सिद्धान्त दुसऱ्या समाजात तपासून घ्यावा लागतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय. म्हणून जो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला संशोधन वाचावयास आणि त्यावर प्रश्न विचारावयास शिकवतो, तोच त्याला पुढील तीस-चाळीस वर्षांच्या व्यवसायासाठी तयार करतो.

आणखी एका बाबतीत शिक्षणसंस्थांमध्ये फरक आढळतो. बोवेन आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या कुटुंबाचाही अभ्यास करावयास लावीत. ज्याच्या घरी वडिलांच्या शब्दापुढे कोणी बोलत नसे, तो चिकित्सक झाल्यावरही एखाद्या करड्या गृहस्थापुढे नकळत मवाळ होतो. असे आपले दुबळे कोपरे विद्यार्थ्याला ओळखता यावेत, पण त्याचे खासगी जीवन वर्गात उघडे पडू नये, अशी व्यवस्था असलेली संस्था चांगली समजावी. विद्यार्थ्याने तेथे सांगितलेली गोष्ट त्याच्या गुणांकनात वापरली जाते काय, हे विचारण्यात काहीही गैर नाही.

भारतातील वाटा

कुटुंबाला चिकित्सेत सामील करून घेण्याची कल्पना भारतात केवळ पश्चिमेकडून आली असे मानणे चूक ठरेल. बेथेस्डा येथे बोवेन ह्यांचे प्रयोग सुरू होते त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहावयास सांगत होते. रुग्णालयात गर्दी फार आणि सेवक थोडे, ही त्यामागील एक अडचण होती. पण नातेवाईक जवळ असले की रुग्ण लवकर सुधारतो आणि नातेवाइकांचेही शिक्षण होते, असे त्यांना दिसून आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही कुटुंबीयांना रुग्णाबरोबर ठेवून घेण्याची प्रथा रुजली. बंगलोरच्या, म्हणजे आजच्या बंगळुरूच्या, राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेत कुटुंब-मनोविकार केंद्र असून तेथे संपूर्ण कुटुंब काही काळ राहून चिकित्सा घेते. ही संस्था ह्या स्वरूपात १९७४ साली अस्तित्वात आली. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेल्या समाजकार्याच्या पदव्युत्तर संस्थेने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, दुसऱ्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते.

परंतु भारतात विवाह व कुटुंब चिकित्सकासाठी वेगळा परवाना नाही. त्यामुळे कोणीही अल्पकालीन वर्ग पुरा करून तशी पाटी लावू शकतो, आणि म्हणूनच येथे निवडीची जबाबदारी अधिक आहे. विद्यार्थ्यापुढे प्रामुख्याने तीन वाटा आहेत. वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्राचे शिक्षण ही पहिली. मानसशास्त्राच्या शिक्षणानंतर चिकित्सालयीन मानसशास्त्राचे व्यावसायिक शिक्षण घेऊन, १९९२ च्या कायद्याने नियमित झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करणे ही दुसरी. समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीनंतर मनोरुग्णसेवेतील समाजकार्याचे विशेष शिक्षण ही तिसरी. २०२१ साली सहायक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या कक्षेत समुपदेशक आणि मनोरुग्णसेवेतील समाजकार्यकर्तेही येतात.

दीर्घकाळ दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवरील महत्त्वाची पदवी एम.फिल. ही होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पदवी बंद करण्याचे ठरविल्यापासून ह्या शिक्षणाची नावे आणि रचना बदलू लागल्या. अशा संक्रमणकाळात विद्यार्थ्याने पदवीच्या नावाकडे कमी आणि नोंदणीच्या पात्रतेकडे अधिक पाहावे. ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षीची मान्यता संबंधित परिषदेच्या यादीत स्वतः पडताळून पाहावी. त्यानंतर, अमेरिकेतील विद्यार्थ्याने विचारावयाचा तोच प्रश्न येथेही विचारावा : कुटुंबांबरोबरचे काम किती आणि ते पाहणार कोण? तीनही वाटांवर अशा संस्था आहेत की जेथे कुटुंब-चिकित्सेचा उल्लेख केवळ एका प्रकरणापुरता येतो, आणि अशाही आहेत की जेथे विद्यार्थी आठवड्यामागून आठवडे कुटुंबांबरोबर बसतो.

ह्या शिक्षणाची गरज रुग्णालयांपुरतीच नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने वैवाहिक तंटा शक्य तेथे समेटाने मिटविण्याचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य न्यायालयावर टाकले आणि त्यासाठी समुपदेशक नेमण्याची तरतूद केली. तेथे येणारी स्त्री कधी मारहाणीला कंटाळून आलेली असते. समेट घडवून आणणे हेच यश असे मानणारा अर्धशिक्षित समुपदेशक तिला पुन्हा त्याच घरात पाठवू शकतो. हिंसेचा संशय येताच पती-पत्नींना एकत्र बसविण्यापूर्वी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे, आणि एकत्र बसविणे धोक्याचे असेल तर ते टाळावे, हे चांगल्या अभ्यासक्रमात आवर्जून शिकविले जाते. कोणत्याही अभ्यासक्रमाची पारख करताना ह्या विषयाला त्यात किती जागा दिली आहे ते पाहावे. तंटा मिटविणे आणि माणसाला सुरक्षित ठेवणे ह्यांत विरोध आला, तर विद्यार्थ्याने काय करावे हे तेथील शिक्षकांनी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ते सांगता न येणाऱ्या संस्थेचे नाव कितीही मोठे असले, तरी विद्यार्थ्याने दुसरी संस्था शोधावी.